उजवा हात

"हात सैल सोड गं. असा आवळून धरलास तर बांगडी चढंल का?" छबुबाई कासारीण म्हणाली.

धनश्रीने हात सैल सोडला. छबुबाईने अंगठ्याचे हाड आत दाबले आणि शेवटची हिरवी बांगडी मनगटावर सरकवली. उजवा हात भरला. डावा राहिला होता.

"लई रडली दोन दिस," आई, ताराबाई, छबुबाईला सांगत होती. धनश्री समोरच बसली होती. "आता झाली शांत."

लग्न परवा होते. नवऱ्या मुलाला ऊसतोडीला जायचे होते; तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, बायकोशिवाय आलेल्या गड्याला टोळीत अर्धा कोयता धरतात आणि मजुरीही अर्धीच देतात. मुकादमाची गाडी निघायच्या आत जोडी हवी होती. धनश्रीच्या पशुसंवर्धनाच्या पदविकेचे एक वर्ष झाले होते. दुसऱ्या वर्षाबद्दल घरात कोणी बोलत नव्हते.

दारातून गोठा दिसत होता. पहिलारू कालवड आडवी पडली होती. तिची पाणमोट सकाळीच फुटली होती. डॉक्टर दुसऱ्या गावात अडकले होते, त्यांना यायला संध्याकाळ होणार होती.

"आता जोर करंना गेली. शांत झाली," वडील, पंडित, म्हणाले. "सुटंल आपोआप."

"तुझं आपोआप ऱ्हाऊ दे बे. दोर बांध पायाला, ओढू," थोरला चुलता बंकट म्हणाला.

धनश्री उठून दारात गेली. कालवडीच्या मागून वासराचे नाक दिसत होते आणि एक खूर. एकच.

"ओढू नका! दुसरा पाय आत दुमडलाय."

"बस खाली," आई म्हणाली. "चुडा भरताना उठत न्हाईत."

"ओढलं तर दोघं मरतील, आई."

ती गोठ्यात गेली. मागोमाग आई आली, छबुबाईही आली. आई म्हणाली, "मंग डाव्या हातानं बघ."

धनश्रीने डावा हात कोपरापर्यंत साबणाने धुतला आणि आत घातला. कालवडीला कळ आली. वासराचे डोके आणि कालवडीचे हाड यांच्यामध्ये तिचा हात चेपला गेला. बोटे बधिर झाली. तिला तो पुढे नेता येईना, मागे घेता येईना. कळ ओसरली तेव्हा बोटांना गुडघा लागला, पण डाव्या हाताला तो वळवता आला नाही. तिने हात बाहेर काढला आणि उजवा छबुबाईपुढे धरला.

"काढा."

आईने तिचे मनगट पकडले. "भरलेला चुडा फोडत्यात का कुठं?"

"फोडायच्या कावून?" छबुबाई म्हणाली. "घातल्या तशा काढते."

साबणाच्या फेसातून बांगड्या एकेक करून उतरल्या. आईने त्या पदरात घेतल्या.

"आई, तू तिचं डोकं धर. काका, दोर सोडा."

धनश्री जमिनीवर आडवी झाली. उजवा हात आत गेला. कळ आली की ती थांबायची. कळ ओसरली की वासराला आत ढकलायची.

"भाईर काढायचं सोडून आत ढकलतीया," बंकट म्हणाला. "कालिजात उलटंच शिकवत्यात वाटतं बे, पंडित."

"आधी जागा करावी लागती, काका."

आईने कालवडीचे डोके मांडीवर घेतले होते. ती हळूच म्हणाली, "मला बी वाटलं शांत झाली. मंग अडलीय, हे कळतं कसं?"

धनश्रीचा गाल कालवडीच्या मांडीला टेकला होता. तिचा चेहरा आईला दिसत नव्हता.

"जोर करून करून काहीच सरकत न्हाई. मंग ती दमती. दमली की गप पडती. आपल्याला वाटतं, शांत झाली."

"मंग?"

"मंग वाट बघायची न्हाई."

आई कालवडीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

खूर सापडला. तो आतून लागू नये म्हणून धनश्रीने तळव्यात झाकून घेतला आणि हळूहळू वर आणला. आता दोन खूर होते, मध्ये नाक. पुढच्या कळेला तिने आणि वडिलांनी एकेक पाय धरून खाली ओढले. वासरू सरसर बाहेर आले. तिने त्याच्या नाकातला चिकटा पुसला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. वासरू शिंकले. कालवडीने मान वळवली.

बंकट हसला. वडिलांनी हात पुसले. "चला, छबुबाई. घ्या भरून. हळद घेऊन येतीलच पोराकडची मंडळी."

धनश्री हात धुऊन पुन्हा पाटावर बसली. छबुबाईने पेटी उघडली. पण आई मध्ये बसली आणि तिने लेकीचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला. तळवा दाबला, अंगठा दाबला, एकेक बोट दाबून पाहिले. मग पदरातल्या बांगड्यांना गाठ मारली.

"हात लई सुजलाय पोरीचा," ती बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "बांगडी चढायची न्हाई."

वडील दारात आले. "मंग आता?"

"आता काय? चुडा न्हाई तर हळद न्हाई. फोन करून सांगा त्यास्नी. दुसरी पोरगी बघा म्हणावं."

"खरंच का वो, छबुबाई?"

छबुबाईने धनश्रीच्या हाताकडे पाहिले. हात मघाशी होता तसाच होता, बारीक आणि मऊ. तिने पेटीचे झाकण लावले.

"व्हय," ती म्हणाली. "लईच सुजलाय."