अजून प्रेशर नाही

सोनोग्राफीला येऊन ‘अजून लघवीचं प्रेशर नाही’ म्हणणाऱ्या पेशंटवर रेडिओलॉजिस्ट डॉ. लेले जन्मभर खेकसत आले. आता ते आठवड्यातून दोनच दिवस डोंबिवलीच्या सेंटरला जात. आज मात्र नौपाड्यातल्या एका अनोळखी सेंटरमध्ये स्वतःच पेशंट होऊन बसले होते. सकाळपासून त्यांच्याशी बोलली होती ती फक्त लिफ्टमधली ‘कृपया दरवाजा बंद करा’वाली बाई.

काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. मग थोड्या थोड्या वेळाने ती जवळ येऊन, वाकून विचारायची, “काका, बरे आहात ना? आलं का प्रेशर?”

“नाही गं बाळा, अजून नाही.”



प्रेशर केव्हाच आलं होतं. गुडघे आवळून ते तिच्या पुढच्या फेरीची वाट बघत होते.