एकुलता एक प्रेक्षक

आमदारसाहेब दर रविवारी मोबाइलवर लाइव्ह येऊन भागातल्या सुरक्षेचा आढावा देत. बघायला चिटपाखरूही नसे. या खेपेला जरा वजन पडावं म्हणून त्यांनी घराच्या पहाऱ्यावरचे दोन्ही पोलीस ऑफिसात आणून पाठीशी उभे केले.

"साहेब, एक जण बघतोय!" सहायक ओरडला.

"तुझी वहिनी असणार."

"छे हो, वहिनी इथंच पेंगतायत की!"

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली : 'छान बोलता साहेब. थांबू नका.'

साहेबांना भरून आलं. चोऱ्यांवरून दिव्यांवर, दिव्यांवरून गटारांवर, घसा बसेपर्यंत ते बोलत राहिले. शेवटी त्यांनी हात जोडले, तसा पुन्हा निरोप आला :



'आभारी आहे साहेब. निघताना तुमच्या घराचं मागचं दार नीट ओढून घेतलंय.'