भुयारातून परत

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी निघोजच्या रांजणखळग्यात घसरलो, तो थेट नदीखालच्या भुयारात,” सहलीच्या बसमध्ये सगळ्यांच्या शेवटी चढत धायरीचे हिंदुराव म्हणाले. तिथल्या एका म्हाताऱ्या मगरीनं त्यांना म्हणे पाठीवर बसवून वर आणून सोडलं. अर्धा तास खोळंबलेली अख्खी बस राग विसरून हसली. घरी हे ऐकायला कुणीच नव्हतं, म्हणून हिंदुराव मगर आणखी लांब करत राहिले.

गाईड उत्कर्षा तेवढी हसली नाही. “काका, चपलासुद्धा कोरड्या आहेत तुमच्या. दर रविवारी येता आणि दर रविवारी हरवता.

“आज पाहिलं मी. आम्ही तुमच्या नावानं हाका मारत होतो आणि तुम्ही देवळामागे डोळे मिटून ऐकत उभे होता.”