इतवारीचे शंभर कल्हईवाले

"मॅडम, तुमचेच शंभर लोक मी पुन्हा शोधतो," हर्षित म्हणाला आणि ग्रंथालयातून आणलेला जुना अहवाल त्याने टेबलावर ठेवला.

जया मॅडमनी चष्मा चढवला. 'इतवारीतील शंभर कल्हईवाले : एक पाहणी.' खाली पस्तीस वर्षांपूर्वीचं साल आणि दोन नावं, जया अन् प्रीती. पुठ्ठ्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. खायचा तर पुरता खायचा, असं त्यांच्या मनात आलं.

"दुसरा विषय घे गा. बुटीबोरीच्या कामगारांवर कर. भांड्यांना कल्हई आता कोण करते?"

"म्हणूनच तर, मॅडम! ते शंभर जण कुठं गेले, आता काय करून राहिले, हाच माझा प्रश्न."

प्रश्न चांगला होता, हीच पंचाईत. येत्या मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या आणि हर्षित त्यांचा शेवटचा विद्यार्थी. त्यांनी कागद ओढला आणि आराखडा करून दिला. जूनमध्ये वाचन, दिवाळीपर्यंत घरोघर फिरणं, जानेवारीत तक्ते, मार्चच्या पहिल्या सोमवारी अहवाल.

"आणि शंभरातले निदान तीस सापडले पाहिजेत. नाही तर मी सही करणार नाही. वर्ष गेलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

तो गेल्यावर त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. धरमपेठेतल्या हॉस्टेलची गच्ची आठवली. डिसेंबरचं कोवळं ऊन, संत्र्याच्या सालींचा ढीग, शाईने माखलेली बोटं, प्रीतीच्या मांडीवर झोपलेलं मांजर. प्रीती हसायला लागली की थांबायची नाही. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. एवढं हसणं जया मॅडमच्या वाट्याला पुन्हा कधी आलंच नाही.

दिवाळीनंतर हर्षित आला तो उन्हाने काळवंडून.

"एकही नाही सापडला, मॅडम. पत्त्यावर जावं तर तिथं मोबाइलचं दुकान. जुन्या लोकांले विचारलं तर नावच माहीत नाही म्हणतात."

"शहर बदलते, गा." त्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "सोडून दे. विषय बदलायला अजून वेळ आहे."

"काहून सोडू? तुम्ही दोघींनी उन्हातान्हात फिरून शंभर केले. मले तीस नाही जमणार?"

पोरगं जिद्दीचं होतं. त्याचं वर्ष आपल्यामुळे बुडणार, या विचाराने जया मॅडमना रात्री झोप लागेना.

मार्चचा पहिला सोमवार उजाडला. हर्षित भलामोठा गठ्ठा घेऊन दारात उभा.

"बासष्ट सापडले, मॅडम!"

त्यांनी फॉर्म उलटून पाहिले. कुणी निळ्या शाईत, कुणी काळ्या, कुणी हिरव्या. एकावर चहाचा डाग, एकावर संत्र्याचा.

"कसे सापडले?"

"चिकाटी, मॅडम. तुमचाच अहवाल समोर ठेवला." त्याने खालचा एक फॉर्म वर काढला. "हा बघा, तुमचा अठ्ठ्याण्णव नंबर. यमुताई. तुमच्या वेळी भट्टीवर भाता ओढायची. आता अठ्ठ्याहत्तरची आहे, डोळ्यानं दिसत नाही. पण तुमचं नाव काढलं अन् रडली. म्हणे, जया अन् प्रीती, दोन्ही पोरी माझ्या हातचा चहा पिऊन गेल्या."

जया मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि अहवालावर सही केली.

पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी हॉस्टेलच्या गच्चीवर, अठ्ठ्याण्णवाव्या फॉर्मपर्यंत येता येता दोघींना सुचतील तेवढी नावं संपली होती, आणि प्रीतीने हसत हसत मांडीवरच्या मांजरीचं नाव लिहून टाकलं होतं.