खंडेनवमीचं हत्यार

खंडेनवमीला सर्जेराव आबांनी अंगणात घोंगडीवर कोयता, खुरपी, टिकाव आणि ट्रॅक्टरचे पाने मांडले, हळदकुंकू वाहून प्रत्येकावर झेंडू ठेवला. त्यांचा नियम कडक होता. पूजेतलं हत्यार त्या दिवशी कुणी चालवायचं नाही.

"नीलम, तुझं हत्यार दरसाली राहतंय," ते सुनेला म्हणाले. ती कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत तारकाम करते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"कंपनीतनं टाचणीसुदिक भाईर आणता येत न्हाई, आबा. पर औंदा एक घरी आलंय."

तिनं लेकीला हाक मारली. तन्वी गोठ्याकडून पळत आली.

"हळू, धाप लागंल," आबा सवयीनं ओरडले.

नीलमनं पोरीला घोंगडीवर कोयत्याशेजारी बसवलं. "उन्हाळ्यात डॉक्टरांनी हिच्या काळजातलं भोक तारेच्या छत्रीनं बुजवलं न्हवं? त्या छत्रीच्या डब्यावर आमच्याच कंपनीचं नाव व्हतं. त्या छत्र्या आम्ही बाया विणतो, आबा."

आबा नातीच्या छातीकडं बघत राहिले. मग त्यांनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि फ्रॉकच्या गळ्यात एक झेंडू खोचला.

"म्हंजी आता मी बी दिवसभर हालायचं न्हाई?" तन्वीनं विचारलं.

आबांनी हाताला धरून तिला उठवलं.

"आज एवढं एक हत्यार बंद ऱ्हायचं न्हाई," ते म्हणाले. "पळ. पार वेशीपत्तूर पळ."