कलरच्या दोन चिठ्ठ्या

दोन चिठ्ठ्या समोर ठेवून श्रावण पेंटर सकाळपासून बसला होता. दोन्हींवर इंग्रजीत एकच शब्द होता, कलर. एकीवर पाच अक्षरं, दुसरीवर सहा. फळी वाळून तयार होती आणि धनसिंगचं रंगाचं दुकान उद्या उघडायचं होतं.

श्रावणला इंग्रजी वाचता येत नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतली, बापजाद्यांचं काम टाकलं आणि ब्रश धरला. तेव्हापासून समोर ठेवलेलं अक्षर तो हुबेहूब काढायचा, इतकंच. वाचायचं काम कौसल्येचं. त्याची ही एकुलती एक लेक मॅट्रिकला होती. दारव्ह्याच्या बाजारातल्या निम्म्या पाट्यांचं इंग्रजी तिनंच चिठ्ठ्यांवर लिहून दिलेलं. कोणी पाटीची तारीफ केली की श्रावणच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. "माहा फक्त हात, डोस्कं पोरीचं," तो सांगायचा.

पाच अक्षरांची चिठ्ठी हिवाळ्यातली, कुठल्याशा जुन्या पाटीची. सहाची मागच्या पंधरवड्यातली. शाळेतल्या मास्तरांनी धनसिंगला सहा अक्षरं सांगितली, म्हणून श्रावणनं तापानं फणफणलेल्या लेकीला विचारलं. ती भिंतीला टेकून उठून बसली, कागद मागितला आणि लिहून दिलं. "दोन्ही बरोबर हायेत बाबा. तुमाले आवडन थे काढा," म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला उठवलं नसतं तर बरं, असं श्रावणला त्यानंतर शंभरदा वाटलं.

दुपारी धनसिंग डोकावला. "पाचवालाच टाका ना, श्रावणभाऊ. फळीवर बराबर मावते," तो हळूच म्हणाला. श्रावणनं सहाची चिठ्ठी जवळ ओढली.

संध्याकाळी धनसिंग फळी न्यायला आला. वर मराठीत त्याचं नाव होतं, आखीव आणि देखणं. खालचा इंग्रजी शब्द मात्र वाकडातिकडा. अक्षरं ओळीखाली घसरलेली, शेवटचं तर अर्ध्यातच लटपटलेलं. श्रावणच्या रेषेला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"श्रावणभाऊ, हात कापून राह्यला काय तुमचा?"

श्रावणनं चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली.

"माहा नाई कापत, धनसिंगभाऊ. या खेपेले हात बी पोरीचाच हाय."