ढब्बूचे केस

"घट्ट धरा बाई, आज सुई टोचायची नाहीये, नुसतं बघायचंय," डॉक्टर म्हणाली.

पण टेबलावर चढवल्याबरोबर ढब्बूनं शेपूट पायांत घातली आणि बाईंच्या कुशीत तोंड लपवलं. मांडीत मावेल एवढा तपकिरी कुत्रा. दोन्ही कुशींवरचे केस पार उडाले होते. खालची कातडी काळवंडली होती.

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. हाताची नखं कायम रंगलेली. महिनाभर ढब्बूला घेऊन खेपा घालत होत्या.

"ह्याच्यापायी माझेच केस गळायला लागलेत," त्या म्हणाल्या. "खाणं बदललं, साबण बदलला, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढलं. आता मी काय, घर बदलू?"

डॉक्टर हसली, पण तिलाही कोडं सुटत नव्हतं. कातडी खरवडून काचेवर घेऊन पाहिली, तर कीड नाही. बुरशी नाही. खाज तर अजिबात नाही. आदल्या खेपेला पुढच्या पायावरचे केस चौकोनी भादरून तिनं रक्त काढलं होतं. तो अहवाल यायचा होता.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

"संध्याकाळी येतेयस ना? विसरली नाहीस ना?"

"येतेय गं. पेशंट आहे समोर."

"ते साडेसहाला येतील. तू जरा बरे कपडे घालून ये. त्या दवाखान्याच्या वासात नको."

"लग्न तुझं आहे की माझं?" म्हणून तिनं फोन ठेवला. बाबा गेले तेव्हा ती शाळेत होती. आईनं एकटीनं तिला वाढवलं. आता छप्पन्नाव्या वर्षी आईला कुणीतरी भेटलं होतं, आणि गेले चार महिने ती फोनवर मुलीसारखी खिदळत होती. डॉक्टरला त्याचं फार बरं वाटत होतं.

दुपारी अहवाल आला. तिनं तो दोनदा वाचला, मग बाईंना पुन्हा बोलावून घेतलं.

"घरात हार्मोनचं मलम कोण लावतं?"

"कसलं मलम?"

"पाळी गेल्यावर काही बायकांना देतात. दंडावर, मांडीवर चोळायचं असतं. कुत्र्यानं ते रोज चाटलं किंवा त्याच्या अंगाला लागत राहिलं, की असे केस जातात. ह्याच्या रक्तात तेच सापडलंय."

"मी नाही बाई लावत. मला नुसता घाम फुटतो, तो पदरानं पुसते." बाई हसल्या. "आणि घरी आम्ही दोघंच."

"शेजारीण? कामाला येणारी?"

"कुणीच नाही. मी शाळेतून येते तोवर हे त्याला फिरायला घेऊन गेलेले असतात. निवृत्त झाल्यापासून दोघं रोज लांब जातात. टेकडीवर."

"एकदोनदा चाटून असं होत नाही, बाई. रोज कुणाच्या तरी मांडीत बसत असणार."

बाईंचं हसू हळूहळू मावळलं. त्या ढब्बूच्या उघड्या कुशीवरून हात फिरवत राहिल्या.

"पुरुष लावतात हे?"

"नाही."

बाईंनी पट्टा अडकवायला घेतला. कडी काही केल्या बसेना. शेवटी डॉक्टरनं वाकून ती बसवली.

"एकतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला," बाई म्हणाल्या. "मी म्हणायचे, टेकडीवर जाऊन ह्यांचं पोट कसं कमी होत नाही."

त्यांचा आवाज चिरकला. रुग्णाच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, हा तिचा शिरस्ता होता. पण तिनं बाईंचा रंगलेला हात हातात घेतला.

"कोण आहे ती, ते शोधून काढा. आणि सोडू नका तिला. दुसऱ्याच्या संसारात शिरणाऱ्या बाईला लाज नसते."

बाईंनी मान हलवली. "ह्यांना इतक्यात काही बोलणार नाही," म्हणाल्या, आणि ढब्बूला छातीशी धरून निघून गेल्या.

संध्याकाळी डॉक्टर आईकडे पोचली, तेव्हा सात वाजत आले होते. आंघोळ करून, चांगले कपडे घालून आली होती, तरी दुपार काही डोक्यातून जात नव्हती. दार आईनंच उघडलं. निळी साडी, केसांत फूल. किती वर्षांनी!

"किती उशीर! ये, ये. हे बघ, हीच माझी डॉक्टर."

खुर्चीतून एक उंच गृहस्थ उठले. चेहरा हसरा, शर्ट कडक इस्त्रीचा. त्यांनी अदबीनं हात जोडले.

"आईंनी फार कौतुक केलंय तुमचं. हृदयाच्या डॉक्टर का?"

तिचं लक्ष खाली गेलं. आईच्या पदराखालून एक तपकिरी तोंड बाहेर आलं होतं. तिला पाहताच ते चपापलं. शेपूट पायांत घालून तो प्राणी पलीकडे पळाला आणि गृहस्थांच्या पायांमागे दडला. पुढच्या पायावर केस भादरलेला चौकोन होता.

"अगं, तुला काय घाबरला हा! एरवी माझ्या मांडीवरून उतरत नाही," आई म्हणाली. "मुद्दामच सांगितलं नव्हतं तुला. म्हटलं, कुत्रा बघून खूश होशील."

मग तिनं लेकीला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला.

"त्याला काही बोलू नकोस हं. ह्यांची बायको गेल्यापासून तेवढाच एक आधार आहे बिचाऱ्यांना."